अनोळखी हलके हेलिकॉप्टर हातात घेताना

हेलिकॉप्टरचा टाइप (मॉडेल) बदलल्यावर पहिल्या काही तासांत होणाऱ्या चुका बहुतेक वेळा जुन्या हेलिकॉप्टरने हातापायांना लावलेल्या सवयीतून येतात. रॉबिन्सन आर२२ वर शिकलेला पायलट काब्री जी२ मध्ये बसतो, कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) उचलतो आणि पाय नकळत डावे पेडल दाबतो; पेडलने शेपटीवरच्या टेल रोटरचा जोर बदलून नाक वळते. काब्रीला त्या क्षणी उजवे पेडल हवे असते. डोक्याला ते ठाऊक असते, पायाला नसते. म्हणून नव्या टाइपची तयारी पायांपासून सुरू करावी, मग थ्रॉटलचा (इंजिनची शक्ती देणाऱ्या मुठीचा) डावा हात, आणि सायक्लिकचा (रोटर कलवून दिशा देणाऱ्या दांड्याचा) उजवा हात सर्वांत शेवटी. उजवा हात तसाही लवकर जुळवून घेतो.

हे सगळे परवानाधारक पायलटासाठी आहे, आणि शेजारी त्या टाइपचा अनुभव असलेला प्रशिक्षक बसला आहे असे धरून लिहिले आहे. खालचा एखादा आकडा आणि तुमच्या यंत्राचे फ्लाइट मॅन्युअल यांत फरक दिसला तर मॅन्युअलचे ऐकायचे.

बसण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. रोटर कोणत्या बाजूला फिरतो? रोटरचा हब (पाती मास्टला, म्हणजे उभ्या दांड्याला, जोडणारा भाग) कोणत्या प्रकारचा आहे? पाती हलकी आहेत की जड? आणि आरपीएम (फिरण्याचा वेग) कोण सांभाळते: तुम्ही, कोरिलेटर (कलेक्टिव्हसोबत थ्रॉटल हलवणारी जोडणी) की गव्हर्नर (आरपीएम आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण)? यंत्राच्या बहुतेक खोडी या चार उत्तरांतून निघतात.

रोटरची दिशा

रॉबिन्सन, बेल, श्वाइझर, एन्स्ट्रॉम, एमडी ५०० या अमेरिकी यंत्रांचे रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. काब्री जी२, एच१२० आणि एएस३५० या फ्रेंच यंत्रांचे घड्याळाच्या दिशेने. पुस्तकी व्याख्या घाईत आठवत नाही, म्हणून एक सोपा नियम धरा: सीटवर बसल्यावर समोरून जाणारे पाते ज्या बाजूला जाते, शक्ती वाढवताना त्याच बाजूचे पेडल लागते. आर४४ मध्ये समोरचे पाते उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून डावे पेडल. काब्रीत डावीकडून उजवीकडे, म्हणून उजवे. प्री-फ्लाइट तपासणीत पात्याची जाड, गोल कडा कोणत्या बाजूला आहे ते बघा आणि हाताने ती दिशा हवेत फिरवून घ्या. जाड कडा नेहमी पुढे जाते.

दिशा उलटली की पेडलसोबत आणखी बऱ्याच गोष्टी उलटतात, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

इंजिन अचानक बंद पडले तर घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या रोटरच्या यंत्राचे नाक डावीकडे वळते आणि उजवे पेडल द्यावे लागते. घड्याळाच्या दिशेच्या रोटरला नाक उजवीकडे जाते आणि डावे पेडल लागते. ऑटोरोटेशनच्या (इंजिनाशिवाय, वाऱ्याने फिरणाऱ्या रोटरवर उतरण्याच्या) सुरुवातीला जुना पाय पुढे आला तर वळण दुप्पट होते.

हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, टेल रोटरचा जोर यंत्राला एका बाजूला ढकलतो. रॉबिन्सन उजवीकडे सरकू पाहते, म्हणून सायक्लिक किंचित डावीकडे धरावे लागते आणि डावी स्किड (जमिनीवर टेकणारा आडवा दांडा) खाली राहते. काब्री डावीकडे सरकू पाहते आणि तिची उजवी स्किड खाली असते. उतरताना खालची स्किड आधी टेकणार हे गृहीत धरा. यंत्र तिरके दिसते म्हणून ते सायक्लिकने सरळ करू गेलात तर ते बाजूला सरकू लागते, आणि सरकत असताना स्किड टेकवणे हीच डायनॅमिक रोलओव्हरची, म्हणजे टेकलेल्या स्किडवरून उलटण्याची, सुरुवात. स्किड अडकून यंत्र तिच्याभोवती ५ ते ८ अंश कलले की सायक्लिक पूर्ण उलट देऊनही बऱ्याचदा ते परत येत नाही. अशा वेळी एकच उपाय चालतो: कलेक्टिव्ह मऊपणे, पण न थांबता खाली. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या रोटरला उजवी स्किड अडकणे जास्त धोक्याचे, कारण टेल रोटरचा जोर त्याच बाजूला असतो. दुसऱ्या प्रकारात डावी.

वाऱ्याचे कोनही आरशातल्यासारखे उलटतात. घड्याळाच्या उलट रोटर असेल तर नाकापासून मोजलेल्या २८५ ते ३१५ अंशांतून, म्हणजे पुढून-डावीकडून येणारा वारा मुख्य रोटरच्या पात्यांच्या टोकांचे भोवरे टेल रोटरवर आणून टाकतो. २१० ते ३३० अंशांच्या वाऱ्यात टेल रोटर स्वतःच्याच भोवऱ्यात सापडू शकतो. घड्याळाच्या दिशेच्या रोटरसाठी हेच पट्टे उजवीकडे येतात, साधारण ४५ ते ७५ आणि ३० ते १५०. मागून येणारा वारा, १२० ते २४० अंश, दोघांनाही सारखाच त्रास देतो: शेपूट वाऱ्याखाली जाऊन नाक वाऱ्याकडे वळू पाहते. जुन्या यंत्रावर ‘डावीकडून वारा आला की सावध’ अशी सवय असेल, तर नव्यावर ती उजवीकडच्या वाऱ्यासाठी नव्याने लावावी लागते.

व्होर्टेक्स रिंगमधून (रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बुडत जाण्यातून) बाहेर पडायची व्हुइशार पद्धत शिकला असाल तर तीही उलटते. रॉबिन्सनमध्ये सायक्लिक उजवीकडे, डावे पेडल आणि कलेक्टिव्ह टेकऑफ पॉवरपर्यंत वर. काब्रीत सायक्लिक डावीकडे आणि उजवे पेडल. या तिन्ही क्रिया एकाच वेळी करायच्या असतात, म्हणून विचार करायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद असताना सीटवर बसून, तोंडाने बोलत, दहा वेळा हातपाय हलवून घ्या. हे पोरकट वाटते, पण पायाची सवय अशीच बदलते.

फेनेस्ट्रॉन, म्हणजे आवरणातला टेल रोटर, हा वेगळा धडा आहे. उघड्या टेल रोटरची सवय असलेल्या पायलटाला सर्वांत जास्त धक्का इथेच बसतो. क्रूझमध्ये (सरळ, वेगाने जाताना) शेपटीचे उभे फिन बरेच काम करते आणि पेडल मधल्या जागेजवळ राहते. अप्रोचच्या (उतरायला येण्याच्या) शेवटी वेग जातो तसे फिनचे काम संपते, त्याच वेळी तुम्ही शक्ती वाढवता, आणि पेडल खूप लांबवर द्यावे लागते. उघड्या टेल रोटरला चालणारे थोडेसे पेडल इथे पुरत नाही. काब्रीचे नाक डावीकडे वळू लागले तर उजवे पेडल पूर्ण शेवटपर्यंत द्या आणि तिथेच धरून ठेवा. अर्धे पेडल देऊन वाट पाहणे, किंवा ‘पेडल काम करत नाही’ असे समजून ते सोडणे, यामुळे वळण वाढत जाते. वेगाने फिरू लागलेले यंत्र थांबायला वेळ घेते. तेवढा वेळ पाय दाबलेलाच राहिला पाहिजे.

हबचा प्रकार

आर२२, आर४४, आर६६ आणि बेल २०६ यांचे रोटर दोन पात्यांचे, सी-सॉसारखे झुलणारे आहेत. अशा हबमधून यंत्राच्या धडाला थेट पिळा मिळत नाही. धड रोटरच्या जोराखाली लंबकासारखे लटकते. सायक्लिक हलवल्यावर आधी डिस्क (फिरत्या पात्यांची चकती) कलते, मग किंचित उशिराने धड मागोमाग येते. तीन पात्यांच्या आर्टिक्युलेटेड (प्रत्येक पाते बिजागरीवर वेगळे हलणाऱ्या) हबवर, म्हणजे काब्री, एन्स्ट्रॉम किंवा श्वाइझर ३०० वर, बिजागऱ्या मास्टच्या अक्षापासून बाहेर असल्याने धडाला सरळ पिळा मिळतो आणि यंत्र लगेच उत्तर देते.

तीन पात्यांच्या यंत्रावरून आर२२ वर येणारा पायलट हात हलवतो, क्षणभर काही होत नाही म्हणून आणखी हलवतो, आणि मग दोन्ही हालचालींचे उत्तर एकदम येते. उलट दिशेने दुरुस्ती, तीही जास्त, आणि हॉवरमध्ये झुलणे सुरू. हे थांबवायला हाताची हालचाल कमी करा. पुढचा हात मांडीवर टेकवा, पकड बोटांपुरती ठेवा. सायक्लिकवर थोडासा दाब द्या, लगेच मधे आणा आणि परिणामाची वाट पाहा. नजर ३० ते ५० मीटर पुढे. जवळच्या गवताकडे पाहिले की झुलणे वाढते. आर२२ वरून आर्टिक्युलेटेड यंत्रावर जाताना त्रास उलटा होतो: यंत्र तुमच्या अपेक्षेआधी हलते, पण दोन-तीन तासांत ते अंगवळणी पडते.

झुलत्या हबची दुसरी बाजू मात्र जिवाशी संबंधित आहे. सायक्लिक झटकन पुढे ढकलले, किंवा चढण संपवून यंत्र पटकन खाली झुकवले, की क्षणभर यंत्राचे वजन रोटरवरून जाते. डिस्कला भार नसला की धडावर तिचा ताबा राहत नाही, पण टेल रोटरचा जोर चालूच असतो, आणि रॉबिन्सन उजवीकडे लोळू लागते. मेंदू सांगतो, सायक्लिक डावीकडे. तसे केले की डिस्क डावीकडे जाते, धड उजवीकडेच लोळत राहते आणि हब मास्टवर आदळतो. मास्ट तुटू शकतो. बरोबर क्रम असा: आधी सायक्लिक हलकेच मागे, रोटरवर भार परत येऊ द्या, आणि त्यानंतरच लोळणे सरळ करा. हा अनुभव सरावासाठी मुद्दाम घ्यायचा नाही, प्रशिक्षक सोबत असला तरी. क्रम जमिनीवर पाठ करा आणि हवेत सायक्लिक पुढे ढकलण्याऐवजी कलेक्टिव्ह कमी करून खाली येण्याची सवय लावा. आर्टिक्युलेटेड यंत्रावर ‘झटकन पुढे’ हे सहन होते. तिथून येणाऱ्याने या सवयीवर विशेष लक्ष ठेवावे.

याच कारणाने खवळलेली हवा झुलत्या हबला जास्त जड जाते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) आर२२ आणि आर४४ साठी मर्यादा घातली: हेलिकॉप्टरवर २०० तास आणि त्यातले ५० तास त्या मॉडेलवर नसतील, तर जमिनीवरचा वारा झोतांसह २५ नॉटच्या वर किंवा झोतांतला फरक १५ नॉटच्या वर असताना उडायचे नाही. दुसऱ्या टाइपवर हजार तास असतील तरी या मॉडेलचे ५० तास तुम्हाला लागू आहेत. ते मोजत राहा. हवा खवळलेली भेटलीच तर वेग कमी करा आणि सायक्लिकने प्रत्येक झोताचा पाठलाग करू नका.

आर्टिक्युलेटेड हबला ही भीती नाही, पण ग्राउंड रेझोनन्सची आहे. पाती पुढेमागे हलू शकतात. एका स्किडवर आपटून उतरल्यास त्यांच्यातले अंतर बिघडते, रोटरचा तोल जातो आणि धड स्किडवर डोलू लागते. काही सेकंदांत यंत्र तुटू शकते. रोटरचा आरपीएम उड्डाणाच्या पट्ट्यात असेल तर लगेच हॉवरमध्ये उचला, पाती आपोआप जागेवर येतात. आरपीएम खाली असेल तर कलेक्टिव्ह पूर्ण खाली आणि थ्रॉटल बंद. फक्त दोन पात्यांची यंत्रे उडवलेल्यांनी ही प्रतिक्रिया कधी शिकलेलीच नसते. म्हणून प्री-फ्लाइटला पात्यांचे डॅम्पर (हेलकावे शोषणारे भाग) आणि स्किडचे ऑइल डॅम्पर नीट पाहा. दोन बाजूंची उंची वेगळी दिसली तर उडू नका.

पाती किती जड

इंजिन थांबल्यावर रोटर किती वेळ दम धरतो हे पात्यांच्या वजनावर ठरते. बेल २०६ ची पाती जड आहेत, आर२२ ची खूप हलकी. आर२२ वर इंजिन गेल्यापासून कलेक्टिव्ह खाली जाईपर्यंत साधारण एका सेकंदापेक्षा जास्त वेळ नाही. ‘काय झाले’ हे समजून घेण्याआधी हात खाली गेलेला असावा लागतो. क्रूझमध्ये असाल तर त्याच वेळी सायक्लिक किंचित मागे, म्हणजे रोटरला वारा मिळून आरपीएम टिकतो.

आर२२ आणि आर४४ मध्ये ९७ टक्क्यांवर कमी आरपीएमचा हॉर्न वाजतो. रॉबिन्सनने दिलेला ठोकताळा असा की रोटर साधारण ८० टक्के, अधिक प्रत्येक हजार फूट उंचीला १ टक्का, या आकड्याखाली गेला की पाती स्टॉल होतात, म्हणजे उचल देणे सोडतात. ४,००० फुटांवर म्हणजे ८४. एकदा स्टॉल झाली की आरपीएम परत आणता येत नाही. हॉर्न आणि स्टॉल यांतले अंतर कागदावर मोठे दिसते, पण कलेक्टिव्ह उचललेले असेल तर ते पाहता पाहता संपते. हॉर्न ऐकताच थ्रॉटल उघडणे आणि कलेक्टिव्ह खाली करणे एकत्र व्हायला हवे. पुढे वेग असेल तर सायक्लिक मागे. जमीन जवळ येते आहे म्हणून कलेक्टिव्ह उचलण्याची ओढ होते. इथे तिला बळी पडायचे नाही.

जड पात्यांवरून हलक्यांवर आलेल्यांची आणखी एक चूक शेवटच्या टप्प्यात होते. फ्लेअरनंतर (जमिनीजवळ नाक वर करून वेग मोडल्यावर) बेल २०६ तुम्हाला कलेक्टिव्ह थोडे उचलून, थांबून, पुन्हा उचलू देते. आर२२ मध्ये एकच ओढ मिळते. ती लवकर खर्च केली तर उरलेले अंतर यंत्र पडते. उलट, फ्लेअर जोरात केला तर हलक्या रोटरचा आरपीएम पटकन वर पळतो. आर४४ मध्ये शक्तीविना वरची मर्यादा १०८ टक्के आहे, त्यामुळे फ्लेअरमध्ये कलेक्टिव्हवर हात जागा ठेवावा लागतो.

आरपीएम कोण सांभाळते

गव्हर्नरवर शिकलेला पायलट श्वाइझर ३०० सी मध्ये बसला की डाव्या मनगटाला अचानक काम लागते. कलेक्टिव्ह उचलण्याआधी किंचित थ्रॉटल उघडायचे, खाली करताना किंचित बंद करायचे, आणि इंजिन व रोटरच्या आरपीएमच्या सुया जुळलेल्या आहेत का ते सतत पाहायचे. पहिला अर्धा तास फक्त यासाठी द्या: जमिनीवर, मग हॉवरमध्ये, कलेक्टिव्ह एक इंच वर, एक इंच खाली, आरपीएम हलू न देता.

दुसऱ्या दिशेने येणाऱ्याची अडचण वेगळी. हाताने थ्रॉटल फिरवायची सवय असलेला पायलट रॉबिन्सनची मूठ आवळून धरतो, आणि गव्हर्नरला ती फिरवता येत नाही. आरपीएम सरकतो आणि दोष गव्हर्नरला दिला जातो. मूठ सैल ठेवा, ती बोटांखाली आपोआप फिरताना जाणवली पाहिजे. हा गव्हर्नर इंजिन ८० टक्क्यांच्या वर असतानाच काम करतो. सुरू करताना थ्रॉटल पूर्ण बंद आहे का ते हाताने फिरवून पाहा, कारण रोटर जोडलेला नसताना उघड्या थ्रॉटलवर इंजिन क्षणात मर्यादेपलीकडे पळते.

गव्हर्नरची एक लपलेली खोड कार्बोरेटर असलेल्या यंत्रांत आहे. बर्फ साचू लागला की शक्ती घटते, पण गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडून आरपीएम तसाच ठेवतो, आणि तुम्हाला काहीच कळत नाही. थ्रॉटल संपले की आरपीएम एकदम कोसळतो. आर२२ मध्ये मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनची शक्ती दाखवणारा दाब) १८ इंचांच्या खाली नेताना तापमापक काहीही दाखवत असला तरी कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा) पूर्ण द्यायची. ती नॉब ओढताना शेजारच्या मिक्श्चरवर (इंधन-हवेच्या मिश्रणाच्या नॉबवर) हात जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहून खात्री करा. मिक्श्चर ओढले तर इंजिन बंद.

शक्तीची मर्यादाही समजून घ्या. रॉबिन्सनची पिस्टन इंजिने मुद्दाम कमी शक्तीवर ठरवलेली आहेत, त्यामुळे थंड हवेत समुद्रसपाटीला तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त प्रेशर ओढू शकता आणि इंजिन तक्रार करत नाही. भार गिअरबॉक्स आणि ड्राइव्हवर पडतो. तापमान आणि उंचीप्रमाणे मर्यादेचा तक्ता कॉकपिटमध्येच असतो, निघण्याआधी त्यातला दिवसाचा आकडा काढून ठेवा. काब्रीत हे काम एकाच टक्केवारीच्या मापकावर होते, म्हणून इंच शोधणारी नजर तिथे भांबावते.

हाताखालच्या वस्तू

रॉबिन्सनचे सायक्लिक मधून येते आणि त्याचा आडवा दांडा टी आकाराचा, सी-सॉसारखा वरखाली होतो. मूठ वर गेली किंवा खाली आली तरी रोटरवर काहीही परिणाम होत नाही, फक्त मधल्या दांड्याची हालचाल महत्त्वाची. नवा माणूस मुठीच्या उंचीशी झगडतो. मूठ मांडीवर टेकेल इतकी खाली घ्या आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा.

आर४४ ला हायड्रॉलिक्स आहे, आर२२ ला नाही. आर४४ वरून आर२२ वर येताना कंप आणि दाब हातात जाणवतात, ते बिघाड नव्हेत. आर४४ मध्ये स्विच बंद करून पाहा (प्रशिक्षकासोबत, सरळ उड्डाणात): किती जड होते ते एकदा हाताला कळले की खरी वेळ आल्यावर घाबरायला होत नाही. तसे हॉवर करण्याचा प्रयत्न करू नका, सपाट जागी हळू पळत उतरणे सोपे जाते. एन्स्ट्रॉमला विजेचे ट्रिम (सायक्लिकवरचा दाब काढणारी सोय) आहे, प्रत्येक बदलानंतर ते द्यावे लागते. नाही दिले तर वीस मिनिटांत खांदा दुखतो.

बसायची बाजूही लक्षात घ्या. बहुतेक हलक्या हेलिकॉप्टरांत कमांडर उजवीकडे बसतो, एमडी ५०० मध्ये डावीकडे. बाजू बदलली की क्षितिजाचे चित्र बदलते आणि पहिले काही अप्रोच तिरके किंवा उभे होतात. उभा अप्रोच म्हणजे कमी वेग आणि जास्त उतरण: ३०० फूट प्रतिमिनिटापेक्षा जास्त, तेही ३० नॉटच्या खाली, आणि शक्ती लावलेली असेल तर व्होर्टेक्स रिंगला दार उघडे. पहिल्या दिवशी नजरेवर विसंबू नका, वेग आणि उतरण मापकावर पाहा.

पहिल्या उड्डाणाचा क्रम

वाऱ्याकडे तोंड करून, कलेक्टिव्ह इतके हळू उचला की यंत्र हलके होताना कोणती स्किड आधी सुटते ते कळेल. ती सुटताना पेडल आणि सायक्लिक कुठे आले ते लक्षात ठेवा, उतरताना नेमके तिथेच लागतात. ५ फुटांवर हॉवर करा आणि पॉवरचा आकडा लिहून घ्या. मर्यादेपासून तो किती दूर आहे, तेवढीच तुमची शिल्लक. नंतर वाऱ्यापासून दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत सावकाश वळा. कोणत्या बाजूला पेडल संपत आले ते जाणून घ्या.

मग पुढे जा. १६ ते २४ नॉटच्या दरम्यान रोटर स्वच्छ हवेत येतो, यंत्र थरथरते, नाक वर येते आणि एका बाजूला कलू पाहते. हे कलणेही रोटरच्या दिशेनुसार उलटते: रॉबिन्सन उजवीकडे, काब्री डावीकडे. दोन-तीन सर्किट (तळाभोवतीच्या फेऱ्या) झाल्यावर पुरेशा उंचीवर ऑटोरोटेशनमध्ये फक्त शिरायचा सराव घ्या आणि पॉवरने बाहेर या. आर२२ साठी ६५ नॉट, आर४४ साठी ७० नॉट. उतारावर उतरणे आणि बंदिस्त जागा पहिल्या दिवशी नकोत.

शेवटचा टप्पा प्रशिक्षक उतरल्यावरचा. वजन अचानक एका बाजूला जाते. उजव्या सीटवर एकटे असाल तर आर२२ डावीकडे न कलता जवळपास सरळ उठते, आणि हलकी असल्याने अपेक्षेपेक्षा लवकर. कलेक्टिव्ह निम्म्या वेगाने उचला.

दोन्ही टाइप एकाच आठवड्यात उडवणार असाल तर जुन्या यंत्रावर परत बसतानाही चार प्रश्नांचा कागद वाचा. नवे पेडल नुकतेच अंगवळणी पडलेले असते, आणि आता तेच चुकीचे असते.